येतो म्हणालास ते

देरा, दुबई
१४ नोव्हेंबर २०२४

ती. कावेरीताईस,
भिकाजीचा शि. सा. न. वि. वि.

फुकटच्या सहलीचा खरा खर्च आधी सांगतो, म्हणजे तुला हेवा वाटणार नाही. विमान, हॉटेल, जेवण सगळं लियांगचं. माझं गेलं ते असं: उजव्या पायाचा घोटा, एका बुटाचा तळ (बूट दोनशे चाळीस दिरहमचे, म्हणजे आपले साडेपाच हजार), चार रात्रींची झोप, आणि बासष्टाव्या वर्षीही आपण डोंगर चढू शकतो हा समज. शेवटची वस्तू सगळ्यात महाग होती.

लियांग म्हणजे माझ्या दुकानातल्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं ज्याच्या कारखान्यातून येतात तो. देऱ्यात नऊ वर्षं गाळा चालवून तो चीनला परत गेला. हिंदी शिकला आमच्या हमालांकडून, त्यामुळे बोलतो ते असं की, हबीबी, कल पक्का, नो टेन्शन. आता त्याला सगळ्या आखातासाठी एकच एजंट नेमायचाय आणि तो मीच हवाय. १६ डिसेंबरला तो दुबईला येतो, मरिनातल्या हॉटेलात करार होईल. त्याआधी त्याने अट घातली की माझ्या आजोळच्या गावी चल, आजीच्या हातचं जेव, मग सही. माणूस घर दाखवल्याशिवाय धंदा करत नाही हे मला आवडलं. घर तेराशे पायऱ्या वर आहे हे त्याने पायथ्याशी सांगितलं.

गाव मात्र असं की तुझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढावं. दोन्ही बाजूंना बांबूचं रान, मधून पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि सकाळी दहापर्यंत ढग खाली, आपण वर. नव्वद वर्षांपूर्वी तिथे लाल सेनेचा तळ होता. त्यामुळे आता बसा भरून ऑफिसची माणसं येतात, झेंडा धरलेल्या बाईच्या मागून फिरतात, आणि भाड्याचा राखाडी गणवेश, लाल चांदणीची टोपी घालून फोटो काढतात. मलाही घालायला लावलं. पोटावरची दोन बटणं लागली नाहीत, म्हणून वरून पट्टा आवळला. फोटो सोबत आहे. जेवायला लाल भात आणि लाल भोपळ्याचं पाणीदार कालवण, त्याला म्हणे सैनिकांचं जेवण म्हणतात. ताई, तो आपला लाल तांदूळच गं. आपण गरिबी म्हणून खाल्ला, हे लोक क्रांती म्हणून खातात आणि वर पैसे देतात.

पण खरी गंमत दारांची. ते सैनिक रात्री गावात उतरले की घरांची दारं काढून, ती फळीसारखी टाकून त्यांवर झोपायचे, आणि सकाळी निघताना प्रत्येक दार ज्याचं त्याला बसवून द्यायचे. तसा नियमच होता. त्या दारांना बिजागरी नाही. वर एक खाली एक लाकडाचीच खुंटी, ती चौकटीच्या भोकात बसते. उचललं की दार हातात. एकाचं दार दुसऱ्याच्या चौकटीत बसेना, भांडणं व्हायची, म्हणून पुढे दारांवर नावं लिहायला लागले. बत्तीस वर्षं बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाने हे ऐकून काय करावं? मी मांडून ठेवलेल्या तीन दारांवर बोटाने टकटक केली. दोन जुनी, तिसरं कोऱ्या लाकडाचं, वरून काजळी फासलेलं. लियांगला हळूच सांगितलं तर त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि खाली उतरेपर्यंत हसत होता.

तुला ठाऊक आहे, माझं शिक्षण नववी. जे कमावलं ते या कानांवर. बिजागरी हलवून आवाजावरून सांगतो की पोलाद किती आणि पत्रा किती, आणि माणसाचंही तसंच. या कानांना चकवणारा अजून देऱ्यात दुकान लावायचाय. हल्ली उलट लोकांचंच बोलणं बिघडलंय. घरी मनाली इंग्रजीत पुटपुटते, उझैर (माझा भागीदार) गल्ल्यावर बसून मिशीत बोलतो. कोणाला तोंड उघडायचा उत्साहच उरलेला नाही.

लियांगची आजी चौऱ्याण्णव वर्षांची. ती चार वर्षांची असताना तिचा सोळा वर्षांचा भाऊ त्या सेनेबरोबर गेला. गावातून एकूण एकसष्ट जण गेले, परत आले तीन. त्यांत तो नव्हता. मग बापाने आजीसाठी घरजावई आणला आणि घर चालू ठेवलं. लियांगने दोनदा उत्तमातलं कुलूप पाठवलं, म्हातारीने बसवू दिलं नाही. ती दाराला कडीसुद्धा घालत नाही. मी विचारलं का, तर लियांगने हिंदीत सांगितलं की भाई जाते टाइम बोला, जाके आता. आपण नाही का म्हणत, जाऊन येतो, तसंच. मला फार मौज वाटली.

निघताना म्हातारी माझ्याकडे बघून जोरात म्हणाली, मान् झौ. आता 'झौ झौ' मला चांगलं माहीत आहे. तिकडच्या गोदामात हमालांना घाई करताना तेच ओरडतात, आपल्या इथल्या यल्लासारखं. मला वाटलं, पाहुणा फार वेळ बसला, म्हातारी हाकलतेय. लाजेने झपाझप उतरायला लागलो, पायरी ओली, आणि घोटा गेला. लियांगने उचलताना सांगितलं की आजी बोला, धीरे जाओ. म्हणजे सावकाश जा! तू फाट्यापर्यंत येऊन बोलतेस तेच. दोन दिवस बर्फाची पिशवी बांधून होतो. खरं सांगायचं तर अजून थकवा गेलेला नाही. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या डोळा लागतो.

तुझ्या मोतीबिंदूची काळजी करू नकोस. हल्ली ते तासाभराचं काम आहे, सासूबाईंचं, विभावरीच्या आईचं झालं तेव्हा संध्याकाळी त्या टीव्ही बघत होत्या. सुदेश आहेच सोबत. तारीख ठरली की कळव. 'फोनवर तू माझ्या मधे बोलतोस म्हणून पत्रच लिही', हा तुझा हुकूम मी पाळतोय. उपेंद्रच्या कार्गोच्या पिशवीतून हे येईल, उत्तर त्याच्याच हाती दे.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर माझी हरकत नाही.
तुझा,
भिकाजी


मु. पो. ओणी, ता. राजापूर
२३ नोव्हेंबर २०२४

चि. भिकाजीस,
कावेरीचे अ. उ. आ.

पत्र आणि फोटो पोचले. फोटोत तू सैनिक कमी आणि पोस्टमन जास्त दिसतोस. उपेंद्र म्हणत होता, काका तिकडे फार मोठे होणार. मी त्याला म्हटलं की पट्टा सोडला की आणखी मोठे होतील.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात चीनच्या लाँग मार्चला चार ओळी होत्या, त्यात दारांचं काही नव्हतं. असतं तर मुलांच्या लक्षात राहिलं असतं. तुझ्या त्या आजीबद्दल दोनदा वाचलं. तुला मौज वाटली असं लिहिलंयस, ते तिसऱ्यांदाही वाचलं.

आता कामाचं. मला मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. बिंदू तेवढाच सारखा. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर जाते, गेलेली परत येत नाही. शस्त्रक्रिया करायची ती राहिलेली टिकावी म्हणून. तारीख कळव म्हणतोस, ती मी भाऊबिजेला फोनवर कळवली आहे. १६ डिसेंबर, सोमवार, कोल्हापूर. ऐकताना तू हं हं करत होतास. मी म्हणाले की यंदा मला साडी नको, पाकीट नको, ओवाळणी म्हणून त्या दिवशी तूच ये. त्यावर तू म्हणालास, बरं ताई, येतो. एवढं म्हणून फोन ठेवलास.

तो तू फोन ठेवतानाचा 'येतो' म्हणालास हे मला तुझं पत्र वाचून कळलं. चूक माझी. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पडणारा प्रत्येक जण येतो म्हणूनच जातो, हे मी सत्तर वर्षांत शिकायला हवं होतं.

पण त्या एका शब्दावर मी बराच कारभार केला. सुदेशला तुझ्या दुबईतच, जबल अलीच्या गोदामातली नोकरी मिळाली, ती घ्यायची तर वीस तारखेच्या आत हजर व्हायचं होतं. तो म्हणत होता की आत्या, शस्त्रक्रिया होऊ दे, मी कळवतो त्यांना, नाहीतर नोकरी गेली तर गेली. मी त्याला रागावले, म्हटलं भिकाजी येतोय, तू नीघ. सतराला तो गेला. आपल्या धनंजयचं, त्याच्या माघारी वाढवलेलं पोर, पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहतंय, त्याला मी माझ्या डोळ्यापायी कसं अडकवणार? शेजारची ममता येते म्हणाली असती, पण तिला नववा लागलाय, ती माहेरी गेली.

दवाखान्याच्या फॉर्मवर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि सही लागते. नाव मी तुझं घातलंय. आता ते खोडावं लागेल, आणि खोडलेला कागद मला आयुष्यात आवडला नाही. तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून विचारलं तर डॉक्टर नाही म्हणाले. असो. पंधराला सकाळच्या एस.टी.ने मी जाईन, तिथे कोणी नर्सबाई सही करतील. तुझा करारही त्याच दिवशी आहे, तो सोडू नकोस. बत्तीस वर्षं राबलास ते काही माझ्यासाठी खोळंबून राहायला नाही.

अक्षर तिरकं गेलं असलं तर माफ कर, पाटावर बसून लिहिलंय. घोट्याला एरंडाचं पान गरम करून बांध. तिथे मिळत नसेल तर काय मिळतं ते बांध.

विभावरीला आणि मनालीला आशीर्वाद. तुझ्यावर रागावले आहे असं समजू नकोस, आणि नाही असंही नको.
तुझी,
कावेरीताई


जबल अली
रविवार, १ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सुदेशचा शि. सा. न. वि. वि.

इथे आल्यावर फोन केला होता, पण मी काय म्हणतोय ते दोन वेळा तुमच्यापर्यंत पोचलं नाही आणि मग तुम्ही येतो म्हणून ठेवून दिलात. आज सुट्टी आहे. ही चिठ्ठी कंपनीच्या बसवाल्या अफनानच्या हाती देतोय, तो देऱ्यात सामान न्यायला येतो.

आत्याने मला निघताना शपथ घातली आहे की काकांना काही सांगायचं नाही. म्हणून सांगत नाही, लिहितोय. लिहिण्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

काका, तिचा डावा डोळा गणपतीतच गेला. पूर्ण. राहिलाय तो उजवा, आणि शस्त्रक्रिया त्याच्यावर आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की दाब खाली आला नाही तर वर्ष संपेपर्यंत हाही जाईल. तिला हे ठाऊक आहे, तिने दाराआडून ऐकलं. घरी आल्यावर तिने दुसरं काही न बोलता स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत पावलं मोजली. अकरा. मग खळ्यापर्यंत मोजली. आता ती रोज डोळे मिटून हिंडायचा सराव करते आणि मी बघितलं की म्हणते, मान मोकळी करतेय.

तुमचं पत्र ती खळ्यात उन्हाला बसून भिंग घेऊन वाचते. एका पत्राला दोन दुपारी लागतात. वाचून दाखवू का विचारलं तर म्हणते, तुझ्या तोंडून भिकाजी सुदेशसारखा वाटतो.

तुमचा करारही सोळालाच आहे आणि ती एकटी जाणार हे फोनवर आत्याच्या तोंडून निसटलं, तेव्हा मी रजा मागितली. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीने ठेवून घेतलाय, तो महिनाभर हाती येणार नाही. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. तुमचा करार मोठा आहे हे मला कळतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त तिला एकटीला एस.टी.त बसू देऊ नका एवढंच म्हणतो.

चुकलंमाकलं पदरात घ्या. काकूंना नमस्कार.
तुमचा,
सुदेश


देरा, दुबई
५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहितोय, म्हणून पानं नऊ झाली. मजकूर थोडाच आहे. का ते विचारू नकोस. सुदेशने तोंडाने एक शब्द सांगितलेला नाही, ही त्याच्यासाठी माझी साक्ष.

आधी बेत. शुक्रवारी १३ तारखेला सकाळच्या विमानाने गोव्याला उतरतो, तिथून गाडी. अंधार पडायच्या आत ओणीला दारात. पंधराला आपण दोघं त्याच गाडीने घाटातून कोल्हापूरला, सोळाला दवाखाना. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही. फॉर्मवरचं नाव खोडू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरात फार आरडाओरडा केला. म्हटलं, ताईने तारीख सांगितलीच नाही, सांगितली असती तर मी ऐकली नसती का? हॉलमध्ये कपाटावरून काढलेली मोठी बॅग ठेवली होती, तिच्याकडे विभावरीने बोट दाखवलं. भाऊबिजेपासून ती तिथेच आहे. मी रोज तिला अडखळून जात होतो, मला वाटलं दिवाळीची साफसफाई अजून चालूय. विभावरी म्हणाली की फोन स्पीकरवर होता, वन्सं बोलल्या ते आम्ही ऐकलं, तुम्ही येतो म्हणालात तेही ऐकलं. माणूस बहिणीला शब्द देतो म्हणजे त्याला कळत असेल असं धरलं आम्ही. मनाली तिच्या इंग्रजीत म्हणाली की बाबा, आत्याने ते चार वेळा सांगितलं. हे तिने मला तीन वेळा सांगितलं.

ताई, त्या फोनचा मला नीट आठव आहे. तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. वाटलं, लाइन खराब आहे. तू थांबलीस तिथे मी हं म्हणत गेलो. शेवटी तुझा आवाज वर चढला, काहीतरी विचारल्यासारखा, आणि मी संपलं असं समजून बरं ताई, येतो म्हणालो. अकरा वर्षं मी प्रत्येक फोन असाच संपवलाय. यांतला कुठला 'येतो' तू खरा धरून तांदूळ जास्तीचे भिजवलेस, हे विचारायचा मला धीर नाही.

लियांगला कळवलं. तो म्हणाला की कंपनीचा शिक्का मोठ्या भावाकडे आहे, भाऊ फक्त सोळालाच दुबईत आहे, उझैरची सही त्याला चालणार नाही. मग काय ते चिनी नववर्ष झाल्यावर, आणि तोवर दुसरा कोणी आला तर, हबीबी, बिझनेस में गॅरंटी नहीं. मी म्हटलं खलास. उझैर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला असेल तर मला कळलं नाही.

इथे मी दमलोय, ताई. हे तुला आजवर लिहिलं नाही, कारण मोठा झालेला भाऊ दमत नसतो. सकाळी आठला शटर वर, रात्री दहाला खाली, मधे आखातातल्या सगळ्या दारांची चिंता. विचार करतो तेव्हा कळतं की इतक्या लोकांना दारं बसवून दिली, आणि आपल्या घराच्या दारात शेवटचा उभा होतो तो अकरा वर्षांपूर्वी, धनंजयच्या तेराव्याला. तुझ्याजवळ बसून मला नुसतं बसायचंय. पत्रं मी वाचून दाखवीन, ती माझ्या आवाजात भिकाजीसारखीच वाटतील. तू पावलं मोजतेस तेव्हा मी मागून चालेन, बोलणार नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू काय उत्तर देतेस ते मला कळलं पाहिजे, म्हणून उत्तर लिहूनच दे, चार शब्द पुरेत, उपेंद्र नऊ तारखेला पोचतो आणि दहाला परत निघतो. आल्यावर माझ्या उजव्या बाजूला बसून, जरा मोठ्याने बोल.

आजवर दिलंस तेवढं प्रेम पुरलं आहे, यापुढचं समोर बसून घेईन.
तुझा,
भिकाजी

ता. क. कालच मनालीने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान साठ टक्के गेलाय, उजवा तीस. यंत्र पुढच्या बुधवारी मिळेल.